कॉफीची चक्की आणि वाफेचे यंत्र

विकाराबादहून बीदर, भालकी करीत परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, उदगीरच्या अलीकडे, कमलनगर हे गाव लागते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्या दिवशी उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि कमलनगर म्हैसूर राज्यात राहिले. सीमा बदलली, परंतु कपातले पेय काही बदलले नाही. ज्या राज्यात देशातील सुमारे सत्तर टक्के कॉफी पिकते, त्या राज्यात राहूनही बीदर-कलबुर्गीकडील मनुष्य सकाळी उठून चहाच मागतो. चिकमगळूर आणि कोडगू येथली कॉफी त्याच्या घरी यावयाची ती बहुधा डब्यातून, विरघळणाऱ्या पुडीच्या रूपाने. नाही तर लग्नाच्या मांडवात, शिट्टी फुंकणाऱ्या एका चकचकीत यंत्रातून.

या यंत्राला आपल्याकडे सर्वत्र ‘एक्स्प्रेसो’ म्हणतात. अलीकडे तालुक्याच्या गावांतूनही कॉफीची नवी दुकाने निघू लागली आहेत, आणि घरच्या तुरीचे आलेले पैसे किंवा बँकेचे कर्ज घालून असे दुकान काढू पाहणारा तरुण पहिला प्रश्न विचारतो तो हा, की यंत्र कोणते घ्यावे. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मांडवातले यंत्र आणि खरे एस्प्रेसो यंत्र यांतील भेद सांगणे भाग आहे. कारण हा भेद ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचे पैसे भलतीकडे जातात.

मांडवातले यंत्र म्हणजे वस्तुतः आपला बंबच. फरक इतकाच की बंबाचे तोंड उघडे असते आणि याचे बंद. आत पाणी उकळते, वाफ कोंडते आणि एका नळीतून बाहेर पडते. मोठ्या भांड्यात दूध, साखर आणि विरघळणारी कॉफी घालून त्यात ही नळी बुडविली, की वाफ दूध तापविते आणि फेसही आणते. वर चिमूटभर कॉफीची किंवा चॉकलेटची पूड भुरभुरली की पेला तयार. यात कॉफीच्या बियांचा आणि वाफेचा कोठेही संबंध येत नाही. जो फेस दिसतो तो दुधाचा. हे पेय वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. थंडीच्या लग्नात रात्री अकरा वाजता त्याची सर दुसऱ्या कशाला येत नाही. परंतु ते एस्प्रेसो नव्हे.

एस्प्रेसो ही इटलीची वस्तू. या शब्दात तीन अर्थ मिसळले आहेत: दाबून काढलेले, त्वरित झालेले, आणि तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम केलेले. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत कॉफीगृहांची गर्दी वाढली, आणि कॉफी मुरण्यास लागणारी पाच-सात मिनिटे मालकांना खुपू लागली. वाफेच्या जोरावर आगगाडी धावत होती, गिरण्या चालत होत्या. मग कॉफी का होऊ नये, असा विचार कोणाच्या तरी मनात येणे साहजिकच होते. तूरीन शहरातील आंजेलो मोरिओन्दो या गृहस्थांनी १८८४ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी तेथील प्रदर्शनात ते मांडले. मात्र त्यांचे यंत्र एका वेळी पुष्कळ कॉफी काढी. एकेका गिऱ्हाइकाचा पेला वेगळा काढण्याची सोय त्यात नव्हती. ती सोय मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी केली. १९०१ मध्ये त्यांनी जे पेटंट घेतले त्यात दांड्याला बसविलेली एक लहानशी गाळणी होती. तीत पूड दाबून भरावयाची, यंत्राच्या मुखाला पिळून बसवावयाची, आणि खाली पेला धरावयाचा. सव्वाशे वर्षांनी आजही जगातील बहुतेक एस्प्रेसो यंत्रांची ठेवण हीच आहे. बेझेरा यांचे हक्क देझिदेरिओ पावोनी यांनी विकत घेतले, आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आले.

या पहिल्या यंत्रांत एक मोठा दोष होता. पाणी ढकलावयाचे ते वाफेच्या बळावर, आणि तो दाब होता फार तर दीड वातावरणाएवढा. आपल्या स्वयंपाकघरातील कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एका वातावरणाने अधिक असतो, यावरून कल्पना यावी. दाब वाढवावा तर पाणी अधिक तापे आणि कॉफी करपल्यासारखी कडू होई. हा पेच सुटण्यास चाळीस वर्षे लागली. मिलानमध्येच कॉफीगृह चालविणाऱ्या अकिल्ले गाज्जा यांनी वाफेला या कामातून काढूनच टाकले. त्यांच्या यंत्रात एक लांब दांडा असे. तो खाली ओढला की आतली जाड स्प्रिंग दबे. सोडला की स्प्रिंग दट्ट्याला ढकली आणि गरम पाणी आठ-नऊ वातावरणांच्या दाबाने पुडीतून पार होई. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, ही यंत्रे बाजारात आली आणि त्यांबरोबर कॉफीवर कधी न दिसलेली एक गोष्ट दिसू लागली: तपकिरी रंगाची दाट साय. भाजलेल्या बियांत कोंडलेला कर्बवायू आणि बियांतले तेल या दाबाखाली एकजीव होऊन ही साय धरते. गाज्जा यांनी ती ‘कॉफीची नैसर्गिक साय’ म्हणूनच लोकांपुढे ठेवली. पुढे १९६१ मध्ये एर्नेस्तो वालेन्ते यांच्या फाएमा कंपनीने विजेच्या पंपाने दाब देणारे यंत्र काढले. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून त्याचे नाव ‘ई ६१’ ठेवले. माणसाच्या दंडाचे काम पंपाकडे गेले, आणि पुढची साठ वर्षे याच मार्गाने सुधारणा होत राहिल्या.

आपल्या देशात कॉफीचे घर झाले ते निराळ्या वाटेने. दाबाचा मार्ग येथे आलाच नाही. आला तो पितळी गाळणीचा. दोन मजली गाळणीच्या वरच्या डब्यात पूड, तीवर उकळते पाणी, आणि खाली रात्रभर थेंबथेंब साठणारा काळा अर्क. मुंबईत चर्चगेटला १९३६ मध्ये कॉफी सेस समितीने इंडिया कॉफी हाउस उघडले, ते येथे पिकलेली कॉफी येथल्याच लोकांना प्यावयास लावावी म्हणून. पुढे कॉफी बोर्डाने ही गृहे बंद करावयास घेतली, तेव्हा कामावरून निघालेल्या नोकरांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती चालविली. माटुंग्याच्या बाजारात गिऱ्हाइकासमोर बिया दळून देणारी दुकाने आहेत, आणि दळण चालू असता तो सबंध रस्ता दरवळतो. मराठी घरांत मात्र कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोडा घातलेली, पाहुण्यांसाठी राखलेली वस्तू. विजेची एस्प्रेसो यंत्रे मोठ्या संख्येने आली ती फार उशिरा. चिकमगळूरच्या मळेवाल्या घराण्यातील व्ही. जी. सिद्धार्थ यांनी १९९६ मध्ये बेंगळूरच्या ब्रिगेड रोडवर पहिले ‘कॅफे कॉफी डे’ काढले, त्यानंतर.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यंत्र कोणते घ्यावे, असे विचारणाऱ्यास माझे पहिले सांगणे असे, की आधी चक्की कोणती घ्यावयाची ते ठरवा. हे ऐकून पुष्कळ जण चकित होतात. यंत्र हे दुकानाचे भूषण. गिऱ्हाइकाला दिसते ते तेच. चक्की बिचारी कोपऱ्यात. परंतु चव जी बनते किंवा बिघडते, ती निम्म्याहून अधिक चक्कीत.

कारण असे. बी अख्खी असताना पाणी फक्त तिच्या बाहेरच्या अंगाला लागते. एखाद्या घनाच्या प्रत्येक बाजूचे दहा-दहा भाग करून त्याचे हजार तुकडे केले, तर उघडा पडणारा पृष्ठभाग दहापट होतो. एस्प्रेसोमध्ये पाण्याचा आणि पुडीचा सहवास पंचवीस-तीस सेकंदांचाच असतो. म्हणून पूड बारीक पाहिजे. कणांचा आकार मिलिमीटरच्या सुमारे पाव भागाएवढा. पितळी गाळणीसाठी याहून थोडी जाड, बारीक रव्यासारखी चालते. तुर्की पद्धतीने उकळावयाची तर मैद्यासारखी लागते. पण केवळ बारीक असून भागत नाही. पूड सारखी पाहिजे. कणांत काही मैदा आणि काही कण्या असतील, तर मैद्यातून कडूपणा उतरतो आणि कण्यांतून आंबट, कच्चा रस. एकाच घोटात दोन्ही दोष.

आणखी एक गोष्ट. वाफ्यात पाणी सोडले असता बांधाला उंदराचे एक बीळ असले, तर पाणी सगळा वाफा टाकून त्या बिळातूनच निघून जाते, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. पुडीच्या चकतीचेही तसेच. नऊ वातावरणांच्या दाबाचे पाणी अत्यंत धूर्त असते. जेथे पूड विरळ, तेथून ते पळते. मग त्या वाटेवरची पूड अति उतरते आणि बाकीची कोरडीच राहते.

सारखे दळण कसे मिळते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. जात्याच्या दोन तळ्यांमधील अंतर कमीअधिक करून त्या पीठ काढीत किंवा भरड काढीत. उत्तम कॉफीची चक्की म्हणजे लहानसे पोलादी जातेच होय. दोन दातेरी चकत्या समोरासमोर. एक स्थिर, एक फिरती. आणि त्यांतील अंतर केसाएवढे बदलता येईल असा आटा. ज्या कणाचा आकार त्या अंतरापेक्षा मोठा, त्याला सुटका नाही. काही चक्क्यांत चकत्या सपाट असतात, तर काहींत एक शंकूच्या आकाराची आणि दुसरी तिच्याभोवती कड्यासारखी. चवीत त्यांचा थोडा फरक पडतो, आणि त्यावर जाणकार मंडळी वाद घालीत बसतात. दुकान काढणाऱ्याने त्यात पडू नये. युरोपात अशा हातचक्क्या शतकानुशतके होत्या. मोटारींमुळे पुढे जगभर गाजलेले प्यूजो घराणे १८४० पासून कॉफीच्या चक्क्या करीत होते, आणि त्यांच्या पोलादी दात्यांची ख्याती मोटारींच्या आधीची.

याउलट मिक्सर. त्याची पाती दळत नाहीत, तोडतात. १९६० च्या दशकात मुंबईत एस. पी. माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर आणला आणि चटणी-मसाल्यांचे कष्ट कमी केले, याबद्दल घरोघरच्या स्त्रिया त्यांना दुवा देतात. पण मिक्सरमध्ये जो कण पात्यापुढे वारंवार येतो तो मैदा होतो आणि जो कडेला राहतो तो कणीच राहतो. अधिक वेळ फिरविले तर पूड तापते आणि सुवास भांड्यातच उडून जातो. पितळी गाळणीपुरते हे चालवून घेता येईल. एस्प्रेसोला मुळीच नाही.

दळताना पुडीत वीज निर्माण होते, ती भांड्याला चिकटते, तिचे गोळे होतात, हा अनुभव चक्की वापरणाऱ्या प्रत्येकाला येतो. २०२३ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला, आणि त्यांत ज्वालामुखीचे तज्ज्ञही होते. कारण ज्वालामुखीच्या राखेतही कण एकमेकांवर घासून अशीच वीज साठते. त्यांना असे आढळले, की दळण्यापूर्वी बियांवर थोडेसे पाणी शिंपडले तर वीज कमी होते, गोळे होत नाहीत आणि कॉफी अधिक दाट उतरते. दक्षिणेतील कॉफीवाले हे करीत असत की नाही, ते सांगता येत नाही. पण उपाय फुकटचा आहे. तो करून पाहावा. पाणी मात्र एकदोन थेंबच. अधिक झाले तर पोलाद गंजते.

आता यंत्र. जाहिरातीत ‘१५ बार’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. बार म्हणजे साधारण एक वातावरण. हा आकडा पंपाच्या कमाल शक्तीचा आहे. कॉफीला लागतात नऊच. तेव्हा पंधराचे यंत्र नवाच्या यंत्राहून चांगले, हा समज खोटा. स्वस्त घरगुती यंत्रांत आणखी एक युक्ती असते. त्यांच्या गाळणीला दोन तळ असतात, आणि खालच्या तळाला सुईएवढे एकच भोक. त्यातून कॉफी चिळकांडीसारखी निघते आणि पूड कशीही असली तरी फेस येतो. ही साय नव्हे, सायीचे सोंग. गाळणी उजेडासमोर धरून पाहावी: शेकडो बारीक छिद्रे दिसली तर खरी.

दुकानासाठी घ्यावयाच्या यंत्रात पाहावयाचे ते असे की एकीकडे कॉफी उतरत असता दुसरीकडे वाफेने दूध तापविता येते की नाही. एकच लहान टाकी असलेल्या यंत्रात ही दोन कामे एकामागून एक करावी लागतात, कारण कॉफीला पाणी ९० ते ९६ अंशांचे लागते आणि वाफेसाठी शंभराच्या बरेच वर जावे लागते. घरी दोन कपांसाठी ते चालते. दुकानात पाच गिऱ्हाइके उभी राहिली की चालत नाही. पेल्याच्या मापाबद्दल इटालियन रीत अशी, की सुमारे ७ ग्रॅम पूड, २५ सेकंद, आणि २५ मिलिलिटर कॉफी. विकत घेण्यापूर्वी यंत्र आणि चक्की दोन्ही जोडून दुकानदाराला हे तीन आकडे जुळवून दाखवावयास सांगावे. कॉफी दहा सेकंदांत धो धो वाहिली, तर चक्कीचा आटा आवळावयास सांगावा; तरीही वाहत राहिली, तर ती चक्की एस्प्रेसोची नव्हे, हे तेथेच समजते.

कमलनगर, औराद, भालकी अशा गावांसाठी तीन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात, आणि त्या मोठ्या शहरातील माहितीपत्रकांत नसतात. पहिली, पाणी. काळ्या पाषाणाच्या मुलखात बोअरचे पाणी बहुधा जड असते. बंबाच्या आत जसा पांढरा थर बसतो, तसाच तो यंत्राच्या टाकीत आणि केसाएवढ्या नळ्यांत बसतो. बंब चालत राहतो, यंत्र बंद पडते. म्हणून पाणी मृदू करणारी गाळणी यंत्राबरोबरच घ्यावी. तिचा खर्च नंतरचा म्हणून ढकलू नये. दुसरी, वीज. दुकानाचे मोठे यंत्र तीन-चार किलोवॅट ओढते. घरगुती जोडणीवर आणि उन्हाळ्यातल्या उतरत्या दाबावर ते तापतच नाही. हे ठरविण्यापूर्वी वीजवाल्याला विचारावे. तिसरी, दुरुस्ती. यंत्राचा कारागीर बेंगळूरला असेल, तर तो रात्रीच्या गाडीच्या पलीकडे आहे. हैदराबाद त्या मानाने जवळ. ज्या यंत्राचे रबरी कडे, झडप आणि पंप हैदराबादच्या बाजारात मिळतात आणि जे स्वतःच्या हाताने बदलता येतात, ते साधे यंत्र परदेशी दिमाखाच्या यंत्राहून शहाणपणाचे.

आणि ज्याला इतके पैसे घालावयाचे नाहीत, त्याने वाईट वाटून घेऊ नये. चांगली हातचक्की, पितळी गाळणी आणि ताज्या भाजलेल्या बिया एवढ्यावर जी कॉफी होते, ती निकृष्ट चक्कीला जोडलेल्या महागड्या यंत्राच्या कॉफीहून सरस असते, असे मी निःशंकपणे म्हणतो. यंत्रासाठी जेवढी रक्कम ठरविली असेल तिचा निदान तिसरा हिस्सा चक्कीसाठी ठेवावा. तेवढा ठेवणे जमत नसेल तर यंत्र पुढच्या वर्षी घ्यावे. तयार पूड घ्यावयाचीच झाली तर डब्यावरचे बारीक अक्षर वाचावे. चिकोरी मिसळलेल्या पुडीत कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे आणि चिकोरीचे प्रमाण छापलेले असले पाहिजे, असा नियम आहे. गाळणीला थोडी चिकोरी शोभते. एस्प्रेसो यंत्राच्या गाळणीत मात्र ती चिकट होऊन छिद्रे बुजविते.

लग्नसराईसाठी मांडवातले यंत्र भाड्याने देणाऱ्यांना दोन शब्द सांगावयाचे आहेत. ते यंत्र म्हणजे कोंडलेल्या वाफेची टाकी आहे. तिच्यावरची झडप गळते म्हणून तारेने बांधून टाकणे, दाबाचा काटा बिघडला असताना तसाच चालविणे, पाणी संपले तरी शेगडी चालू ठेवणे, हे प्रकार प्राणाशी गाठ घालणारे आहेत. आणि त्या यंत्राशी रात्रभर उभा असतो तो बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. प्रत्येक हंगामापूर्वी झडप नवी बसवावी आणि थंड पाण्याच्या दाबाने टाकी तपासून घ्यावी. यजमानानेही मांडवात यंत्र ठेवावयास देण्यापूर्वी काटा फिरतो की नाही ते पाहावे, आणि यंत्र मुलांच्या पंगतीपासून दूर ठेवावे.

चक्कीची निगा सोपी आहे. बियांचे तेल दात्यांना बसते, शिळे होते आणि नव्या दळणाला खवट वास देते. म्हणून आठवड्यातून एकदा चकत्या उघडून कोरड्या कुंचल्याने झाडाव्या. पाणी लावू नये. कोणी तांदूळ दळून चक्की साफ करावयास सांगतात. तांदळाचा दाणा कॉफीच्या बीपेक्षा कठीण असल्याने लहान चक्कीची मोटर त्यात अडकते, तेव्हा तसे करू नये. काही शे किलो दळण झाले की दाते बोथट होतात. जात्याला टाकी लावणारे पूर्वी गावोगाव फिरत. पोलादी चकत्यांना टाकी लागत नाही, त्या बदलाव्याच लागतात. चक्की घेतानाच चकत्यांचा एक जोड अधिक मागून घेऊन घरात ठेवावा, कारण पाच वर्षांनी तोच नमुना बाजारात मिळेल याची शाश्वती कोणताही दुकानदार देत नाही.